सूर्यास्ताआधीची मुंबई, सूर्यास्तानंतरची मुंबई
कोनहून निघणाऱ्या जैन कुटुंबासाठी एक दिवसाचे नियोजन

उल्हास नदीच्या एका काठावर कल्याण, दुसऱ्या काठावर कोन आणि मधे दुर्गाडीचा पूल. कल्याण-भिवंडी रस्त्यावरच्या या गावात राहणाऱ्या जैन कुटुंबांकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि लग्नसराईत पाहुण्यांची वर्दळ असते. कोणी सांगली-कोल्हापूरकडून येते, कोणी बेळगाव-निपाणीकडून, कोणी सोलापूरहून. पाहुण्यांच्या मनात एक गोष्ट ठरलेली असते : एक दिवस मुंबईसाठी. लग्नाचे कापड घ्यायचे असते, सोन्याचे भाव पाहायचे असतात, मुलांना पाणीपुरी खायची असते आणि सगळ्यांना मरीन ड्राइव्हचे दिवे पाहायचे असतात.

बेत ठरताना बहुतेक घरांत एक वाक्य हमखास उच्चारले जाते : “आजींना घरीच राहू द्या, त्यांचा चौविहार आहे.” बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, तरीही ज्यांनी आयुष्यभर नियम पाळला, त्यांच्याच वाट्याला मागे राहणे येते. आजींबरोबर घरातली एखादी सून किंवा लेकही थांबते. उरलेले कुटुंब रात्री उशिरा परतते, तेव्हा पिशव्या भरलेल्या असतात. मात्र सहल अर्ध्या घराचीच झालेली असते.

असे होण्याचे कारण नियमात नसून वेळापत्रकात आहे. मुंबईचा दिवस सकाळपासून पुढे आखला, तर सूर्यास्त नेमका बाजाराच्या गर्दीत गाठतो. तोच दिवस सूर्यास्तापासून मागे आखला, तर खरेदी, भोजन आणि दिव्यांनी उजळलेले रात्रीचे शहर ही तिन्ही सर्वांना मिळतात.

घड्याळ आधी, यादी नंतर

निघण्यापूर्वी त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ पंचांगात पाहावी. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. म्हणजे हिवाळ्यातला आणि उन्हाळ्याच्या शेवटचा दिवस यांत सुमारे एक तास वीस मिनिटांचे अंतर पडते. मे महिन्यातला अनुभव डिसेंबरच्या लग्नसराईत उपयोगी पडत नाही, तो याचमुळे.

सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, भोजन आटोपण्याचा नियम ज्यांचा आहे, त्यांना हिवाळ्यात पाच वाजून दहा मिनिटांच्या आत ताटावरून उठावे लागते. त्यासाठी साडेचारला बसण्याची जागा ठरलेली हवी. दुपारचे जेवण मग साडेअकरा-बारालाच उरकावे आणि हलके ठेवावे. सकाळी नवकारशी करणाऱ्यांनी सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांचाही हिशोब धरावा. घरी नाश्ता करून साडेआठनंतर निघाले, तर दोन्ही टोके सांभाळली जातात.

घरातील प्रत्येकाचा नियम सारखा नसतो. चौविहारात अशन, पान, खाद्य आणि स्वाद्य या चारही आहारांचा त्याग असतो. तिविहारात पाणी चालते. कोणाचा कोणता नियम आहे, हे निघण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असावे. म्हणजे रात्री फलाटावर पाण्याच्या बाटलीवरून आग्रह आणि संकोच दोन्ही होत नाहीत. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर चालण्याचे श्रम आणि पुढचा दीर्घ उपवास लक्षात घेऊन डॉक्टरांना आधी विचारावे. उकळलेले किंवा गाळलेले पाणी पिणाऱ्यांनी स्टीलच्या बाटलीतून ते बरोबर न्यावे.

कोन ते बोरीबंदर

ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग ५ च्या आराखड्यात कोनगाव हे स्थानक आहे. ते दारी येईपर्यंत कोनहून रिक्षाने किंवा बसने दुर्गाडी पूल ओलांडून कल्याण स्थानक गाठणे हाच राजमार्ग होय. हा लोहमार्ग तसा जुनाच. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रेल्वे कल्याणपर्यंत आली.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर सकाळी आठ ते दहाची गर्दी टाळावी आणि कल्याणहूनच सुटणारी जलद गाडी पाहावी. बसायला जागा मिळते. प्रवासाला साधारण सव्वा तास धरावा. मशीद स्थानक बाजाराला जवळचे असले, तरी जलद गाडी तेथे थांबत नाही, म्हणून थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. रविवार टाळलेला बरा. त्या दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक असण्याची शक्यता असते आणि जुन्या मुंबईतले घाऊक बाजारही बहुतांशी बंद असतात. संवत्सरीच्या दिवशीही अनेक जैन पेढ्यांना कुलूप असते.

बाजार : काय घ्यावे, काय विचारावे

टर्मिनसपासून दहा मिनिटे चालल्यावर महात्मा जोतिबा फुले मंडई लागते. जुन्या पिढीच्या तोंडी अजून क्रॉफर्ड मार्केट हेच नाव आहे. १८६९ साली पूर्ण झालेली ही इमारत भारतात विजेचे दिवे अगदी आरंभी लागलेल्या इमारतींपैकी एक. ते साल १८८२. मुंबईचा बाजार दिवस मावळल्यावरही चालू ठेवण्याची किमया पुढे याच दिव्यांनी केली. दर्शनी भागावरील शिल्पे लॉकवुड किपलिंग यांच्या हातची आहेत, तीही थांबून पाहावीत.

मंडईसमोरून शेख मेमन मार्गाने आत गेले की मंगलदास मार्केट येते. छताखालच्या अरुंद गल्ल्यांतून कापडाची दुकाने ओळीने लागतात आणि ड्रेसचे कापड, अस्तर, ब्लाउजपीस, शर्टिंग असे सर्व मीटरवर मिळते. पलीकडचे मूळजी जेठा मार्केट प्रामुख्याने घाऊक व्यापाराचे. कोनच्या माणसाला येथे एक गंमत जाणवावी. भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड प्रक्रिया होऊन, रंग-छपाई चढून अशाच बाजारांतून देशभर जाते. घराजवळच्या मागाचा खटखटाट ज्याने ऐकला आहे, त्याने कापड घेताना सूत, वीण आणि पन्हा विचारायला संकोचू नये. दुकानदारही अशा गिऱ्हाइकाशी जपून बोलतो.

लग्नाच्या खरेदीत रेशमाचा प्रश्न येतोच. नेहमीचे रेशीम काढताना कोषातला जीव उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारला जातो आणि एका साडीमागे असे हजारो कोष लागतात. पैठणी किंवा शालू घ्यावा की नाही, हे प्रत्येक घराने आपापल्या विवेकाने ठरवावे. पण ठरवावे ते कोनला, घरी बसून. दुकानाच्या गादीवर साड्यांचा ढीग पडल्यावर सासू-सुनेत तो वाद निघू नये. सुती, कृत्रिम धाग्याच्या आणि जीव बाहेर पडल्यानंतरच्या कोषांपासून केलेल्या ‘अहिंसा रेशमा’च्या साड्या हे पर्याय आहेत. मात्र अहिंसा रेशीम सर्वत्र मिळत नाही आणि केवळ तोंडी ग्वाहीवर विसंबू नये.

झवेरी बाजारात भावापेक्षा खूण आधी पाहावी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक, ज्याला एचयूआयडी म्हणतात, असणे बंधनकारक आहे. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तेथेच तपासता येतो. घडणावळ आणि वस्तू व सेवा कर वेगळे लिहिलेली पावती मागावी. पूजेचे साहित्य, नकली दागिने आणि रुखवताच्या वस्तूंसाठी भुलेश्वर, तर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी तांबाकाटा.

या गल्ल्यांतच मुंबईच्या जैन समाजाचा जुना संसार आहे. पायधुनीचे गोडीजी पार्श्वनाथ जिनालय १८१२ सालचे. गुलालवाडी आणि भुलेश्वर येथे दिगंबर जिनमंदिरे आहेत. खरेदीच्या मधोमध अर्धा तास दर्शनासाठी ठेवला, तर ज्येष्ठांचे पायही विसावतात. सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१-१९१४) यांच्या दातृत्वाची खूण. परगावाहून येणाऱ्या साधर्मिकांना मुंबईत हक्काचे छप्पर मिळावे, हा त्यामागचा हेतू. पंडित नाथूराम प्रेमी यांचे हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयही याच हिराबागेत होते. जैन साहित्याच्या अभ्यासकांना ही वास्तू परकी वाटणार नाही.

भोजन : हिरव्या ठिपक्याच्या पुढे

काळबादेवी-भुलेश्वरचा परिसर शाकाहारी थाळीसाठी प्रसिद्ध आहे. १९४५ सालापासूनचे श्री ठाकर भोजनालय आणि काळबादेवी रस्त्यावरील फ्रेंड्स युनियन जोशी क्लब ही येथली जुनी नावे. दुपारचे जेवण या भागातच घ्यावे. कांदा, लसूण, बटाटा आणि इतर कंदमुळे वर्ज्य असल्याचे वाढायला सुरुवात झाल्यावर न सांगता बसण्यापूर्वी सांगावे. त्या दिवशीच्या कोणत्या भाज्या चालतील, हे वाढपी लगेच सांगतात.

खरी अडचण दुपारी नसून सायंकाळी येते. थाळीची बरीच भोजनालये दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात आणि सात-साडेसातला पुन्हा उघडतात. म्हणजे व्रतस्थाला जेवायचे असते, नेमके त्याच वेळी दार बंद असते. अनेक कुटुंबांची फजिती होते ती येथेच. यावर तीन उपाय आहेत. पहिला, दिवसभर चालू राहणारी फरसाण व नाश्त्याची गृहे. ताडदेवचे १९६३ पासूनचे स्वाती स्नॅक्स हे त्यांतले नामांकित नाव. मात्र तेथे रांग असते, म्हणून वेळ राखून जावे. दुसरा उपाय मोठ्या जिनालयांच्या परिसरातील भोजनशाळा आणि आयंबिल खाती. तेथे आदल्या दिवशी चौकशी करून नाव नोंदवणे सोयीचे. तिसरा आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घरचा डबा : ठेपले किंवा दशम्या, कोरडी भाजी, भडंग, खाकरे, फळे.

डब्यासंबंधी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. सहलीचा डबा पहाटे उठून करणारी घरातली एकच व्यक्ती असते आणि बहुधा तीच दिवसभर पिशवीही उचलते. दशम्या आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतात का, हे प्रत्येकाच्या मर्यादेवर अवलंबून. खाकरे आणि भडंग मात्र विकतही आणता येतात, आणि पिशवी घरातल्या तरुणांनी घ्यावी. नियम एकाचा असला, तरी त्याची व्यवस्था साऱ्या कुटुंबाने वाटून घेतली की तो कोणालाच जड होत नाही.

मुंबईच्या खाऊगल्ल्यांनी जैन गिऱ्हाइकाची दखल फार पूर्वीच घेतली आहे. बटाट्याऐवजी कच्चे केळे घालून केलेली ‘जैन पावभाजी’, मूग किंवा चणे भरलेली पाणीपुरी, केळ्याचे सँडविच, कांदा-लसणाविना केलेली चटणी हे प्रकार सर्रास मिळतात. तरी ‘जैन’ या शब्दावर थांबू नये. तवा आणि झारा तोच आहे का, चटणीत आले किंवा लसूण आहे का, हे विचारावे. इडली-डोशाचे आंबवलेले पीठ किंवा पाव ज्यांना चालत नाही, त्यांनी तेही आधी पाहावे. उडुपी उपाहारगृहांत सांबारात कांदा-बटाटा गृहीत धरावा.

वेष्टनावरचा हिरवा ठिपका हीही पूर्ण खात्री नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की पदार्थात मांस, मासे, अंडी किंवा प्राणिज घटक नाहीत. दूध आणि मध यांना त्या व्याख्येतून वगळलेले आहे. म्हणजे मध घातलेले बिस्किट, लसणाचे वेफर्स किंवा कांद्याची शेव यांवरही हिरवा ठिपकाच असतो. घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही. मिठाईवर चांदीचा वर्ख असेल, तर तो यंत्रावर केलेला आहे का, हे विचारावे. पारंपरिक पद्धतीत वर्ख जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवून कुटला जात असे.

दिवे लागल्यावर

जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील अनिवासी भागातील मॉल, दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास खुली ठेवण्यास मंजुरी दिली. त्यामुळे ‘मुंबईची रात्र’ म्हटले की खाणे-पिणे हेच चित्र डोळ्यांसमोर येते. पण या शहराची उत्तम रात्र काहीही न खाता-पिता पाहता येते.

सायंकाळचे भोजन आटोपून ओव्हल मैदानाच्या कडेला यावे. समोर राजाबाई टॉवर उभा दिसतो. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ ते १८७८ या काळात बांधलेला हा सुमारे २८० फूट उंचीचा घड्याळी मनोरा मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. त्यासाठी दोन लाख रुपये दिले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी, आणि अट घातली ती मनोऱ्याला आईचे नाव देण्याची. राजाबाई अंध होत्या आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा त्यांचा नियम होता. या घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना कोणाला न विचारता वेळ कळावी, म्हणून मुलाने हा मनोरा उभारला, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्यातला इतिहास किती आणि मातृभक्ती किती, हा वाद बाजूला ठेवू. एवढे खरे की २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या इमारतसमूहातील सर्वांत उंच मनोरा एका श्राविकेच्या नावाचा आहे. चौविहार असलेल्या आजींना मुंबईत दाखवावी अशी ही पहिली जागा.

तेथून चर्चगेटमार्गे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसावे. समुद्राला वळसा घालणाऱ्या दिव्यांच्या रांगेला ‘राणीचा कंठहार’ का म्हणतात, हे तेथे सांगावे लागत नाही. वेळ असेल, तर वाळकेश्वरच्या बाबू अमीचंद पन्नालाल आदीश्वर जिनालयात, १९०४ सालच्या त्या रेखीव मंदिरात, सायंकाळच्या आरतीला जावे. प्रतिक्रमण करणाऱ्यांनी जवळच्या उपाश्रयाची आधी चौकशी करून ठेवावी.

नाटकाची हौस असेल, तर दादरचे शिवाजी मंदिर किंवा माटुंग्याचे यशवंत नाट्यमंदिर सोयीचे. कल्याणच्या जलद गाड्या दादरला थांबतात. मराठी नाटकाच्या मध्यंतराची ओळख मात्र बटाटेवड्याशी जोडलेली आहे, आणि तो वडा बटाटा आणि रात्र अशा दोन्ही कारणांनी वर्ज्य! पंधरा मिनिटे पहिल्या अंकाबद्दल बोलण्यात घालवावीत. परतीचा प्रवास ज्यांना झेपत नाही, त्यांनी दिवसाउजेडी मुंबई आटोपून यावे आणि कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात नाटक पाहावे. तेथून कोन एका पुलापलीकडे आहे.

परतताना शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नये. दहाच्या आत गाडीत बसलेले बरे, कारण रात्री कल्याणहून कोनला जाणाऱ्या रिक्षा मोजक्याच असतात.

नियमाचे प्रयोजन

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच भावनांमध्ये ‘आलोकितपानभोजन’ सांगितले आहे : उजेडात नीट पाहून घेतलेले अन्न-पाणी. विजेच्या दिव्यांखाली सर्व स्वच्छ दिसते, मग सूर्यप्रकाशाचा आग्रह कशासाठी, असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो दटावून गप्प करण्यासारखा नाही. दिव्याभोवती जमणारे कीटक ज्याने पाहिले आहेत, त्याला उत्तराचा एक भाग मिळतो. दुसरा भाग संयमाचा : चोवीस तास विकणाऱ्या शहरात दिवसाला एक मर्यादा स्वतः घालून घेण्याचा.

घरातल्या मुलांनी हा नियम पुढे पाळावा अशी इच्छा असेल, तर तो त्यांना सहलीतला अडथळा म्हणून भेटता कामा नये. आजी बरोबर आहेत, साडेचारला सगळे मिळून जेवले आहेत आणि सातला सगळेच राजाबाई टॉवरखाली उभे आहेत, असा एक दिवस मुलांच्या लक्षात राहतो. पुढच्या वेळी बेत आखताना सूर्यास्ताची वेळ मग तीच आधी विचारतात.